हिरड्यांचा आजार, इम्प्लांट आणि त्यांवरचं संशोधन: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इथून येणाऱ्या मराठी मंडळींशी बोलताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. कुणाचा दात हलतोय आणि त्यांना थेट इम्प्लांटच, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावरचा नवा दात, हवा असतो. कुणाच्या हातात डेंटल कॉलेजात मिळालेला अभ्यासाचा फॉर्म असतो आणि सही करावी की नाही हे ठरत नसतं. मी हिरड्यांच्या आजारांचीच डॉक्टर आहे, एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, विद्यार्थ्यांचे प्रबंधही जवळून पाहते, म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. तुमच्या तोंडात नेमकं काय करायचं ते तुम्हाला तपासणारे डॉक्टरच सांगतील. त्यांना काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ झालं.

पायरिया म्हणजे काय? वय झालं की तो सगळ्यांनाच होतो ना?

नाही. दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक फटीत जंतूंचा चिकट थर साचतो. तो काढला नाही तर कडक होऊन त्याचं कीटण होतं. शरीर त्या जंतूंशी झगडतं, हिरडी सुजते आणि ब्रश लावला की रक्त येतं. इथपर्यंत सगळं मागे फिरवता येतं. पण काही जणांत ही सूज खोल उतरते, दाताला धरून ठेवणारे तंतू सुटतात, हाड झिजतं आणि दात हलू लागतो. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. या दुसऱ्या अवस्थेलाच आपण पायरिया म्हणतो.

हे कसं कळलं, ते सांगण्यासारखं आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या सुजेला तो थरच कारण आहे, ही गोष्ट त्यानंतर वादाची राहिली नाही.

त्याच लो यांनी पुढे श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांचा अभ्यास केला. १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं. या मजुरांना ब्रश ठाऊक नव्हता आणि दातांचा डॉक्टरही त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर होता, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी सुमारे ८ टक्क्यांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांमध्ये आजार मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांमध्ये तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. म्हणजे तीच अस्वच्छता प्रत्येकाच्या शरीराने वेगळ्या तऱ्हेने घेतली. तुमच्या वडिलांचे दात पन्नाशीत गेले असतील तर तुम्ही चाळिशीतच नीट तपासून घ्यावं, असं मी म्हणते ते यामुळे. आणि शेजारचे काका न घासताही ऐंशीव्या वर्षी ऊस खातात, हा पुरावा तुमच्या कामाचा नाही तोही यामुळेच.

रक्त येतं म्हणून मी त्या बाजूला ब्रशच लावत नाही. चालेल ना?

चालणार नाही. रक्त सुजेमुळे येतं आणि सूज साचलेल्या थरामुळे येते. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेला तिरका धरून, रोज तिथेच जास्त लक्ष द्या. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दाखवायला या.

तपासताना डॉक्टर हिरडीत काहीतरी टोचत होत्या आणि आकडे सांगत होत्या. ते काय होतं?

ती सुई नव्हती. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये ती अगदी हलक्या हाताने, साधारण २० ते २५ ग्रॅम दाबाने, थांबेल तिथपर्यंत सरकवायची. एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं. डॉक्टर बोलतात आणि शेजारी बसलेली सहायक लिहून घेते: तीन, दोन, तीन, तीन, दोन, चार. पुढच्या दाढेला: पाच, चार, सात. सात ऐकू आला की मी हात थांबवते, सळई काढते आणि पुन्हा मोजते. एक ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक. चारपासून पुढे त्या जागेला आम्ही पॉकेट म्हणतो. तिथे घरचा ब्रश पोचत नाही. सहा किंवा त्याहून जास्त खोलीचं पॉकेट नुसत्या साफसफाईने पुरतं बरं होईलच असं सांगता येत नाही.

या आकड्यांचा कागद मागून घ्या. हिरड्यांवरचं जगातलं बहुतेक संशोधन याच सळईवर उभं आहे: उपचाराआधी किती, तीन महिन्यांनी किती, वर्षाने किती. तुमच्याही उपचाराचं यश त्याच मोजमापाने ठरायला हवं. "आता बरं वाटतंय" ही चांगली गोष्ट आहे, पण पायरिया बराचसा काळ दुखतच नाही. त्यामुळे बरं वाटण्यावर विसंबता येत नाही.

२०१८ पासून जगभर या आजाराचं नवं वर्गीकरण वापरतात. किती नुकसान झालंय ते एक ते चार अशा स्टेजने सांगतात आणि तो किती वेगाने वाढतोय ते ए, बी, सी अशा ग्रेडने. रिपोर्टवर "स्टेज तीन, ग्रेड बी" असं दिसलं तर घाबरू नका. कॅन्सरच्या स्टेजशी त्याचा काही संबंध नाही.

दात हलतोय. काढून तिथे इम्प्लांट लावला की कटकट मिटेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात आणि याचं उत्तर मी सगळ्यात सावकाश देते. इम्प्लांट हा दात गेल्यावरचा उपाय आहे. हिरड्यांच्या आजारावरचा नाही. ज्या जंतूंनी तो दात हलवला ते बाकीच्या दातांभोवती तसेच बसलेले असतात आणि नव्या स्क्रूभोवतीही जातात. ज्यांना आधी पायरिया होता त्यांच्या इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

दुसरं म्हणजे, हलणारा प्रत्येक दात गेलेला नसतो. सूज उतरली, कीटण निघालं, चावण्याचा वाकडा भार कमी केला की काही दात पुन्हा घट्ट होतात. काही थोडे हलत राहतात, पण वर्षानुवर्षं चावायला कामाला येतात. स्वीडनमध्ये पेर अ‍ॅक्सेलसन आणि यान लिंडे यांनी एका गटाला नियमित साफसफाई आणि घरची शिकवण देत ३० वर्षं पाहिलं. त्या तीस वर्षांत माणशी सरासरी दोनपेक्षाही कमी दात गेले. आणि त्यांतले बरेचसे पायरियाने नाही, दात तडकल्यामुळे गेले. तुमच्या स्वतःच्या दाताला असा तीस वर्षांचा दाखला असताना तो घाईने काढू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

क्रम असा असावा: आधी घरची स्वच्छता आणि तंबाखू बंद, मग खोलवर स्केलिंग (हिरडीखालचा थर आणि कीटण खरवडून काढणं), मग सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा सगळे आकडे. जिथे खोल पॉकेट उरलं असेल तिथेच शस्त्रक्रिया. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं काढली त्यांतही असाच टप्प्याटप्प्याचा क्रम आहे. हे सगळं करूनही जो दात वाचत नाही तो काढावाच लागतो, आणि तिथे हिरड्या शांत झाल्यावर इम्प्लांट उत्तम पर्याय ठरतो. काही दात पहिल्या दिवशीच सांगता येतात की हे राहणार नाहीत. ते ओढूनताणून ठेवण्याचा आग्रह मी धरत नाही.

पहिल्याच भेटीत, मोजमाप न करता, कुणी चार दात काढून चार इम्प्लांटचा हिशोब लिहून दिला तर दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखवा. दोन मतं घेण्यात कुणाचा अपमान होत नाही.

इम्प्लांट हाडात बसतो तरी कसा?

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवली. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेनात, हाड धातूला चिकटून वाढलं होतं. पुढे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र हे मनापासून मान्य केलं ते १९८२ च्या टोरांटोच्या परिषदेनंतर, कारण तोवर बरीच वर्षं लक्ष ठेवलेल्या रुग्णांची आकडेवारी समोर आली होती.

खुर्चीवर काय घडतं ते सांगते. भूल दिलेली असते. हिरडी उघडून आधी बारीक, मग थोडं जाड, मग आणखी जाड अशा ड्रिलने भोक रुंद करत जातात आणि सगळा वेळ त्यावर थंड सलाईन सोडलेलं असतं. रुग्णांना ते पाणी नकोसं वाटतं, पण हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट जरी तापलं तरी इजा होते, हे १९८३ मध्ये स्वीडनमध्येच सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. भाजलेलं हाड धातूला धरत नाही. "आजी, दुखलं तर डावा हात वर करा, मान हलवू नका" असं आम्ही म्हणतो तेही त्या भोकाची दिशा बदलू नये म्हणून.

स्क्रू बसतो तेव्हा नुसत्या पकडीने घट्ट असतो. पुढचे तीन-चार आठवडे जुनं हाड विरघळतं आणि नवं घडतं, त्या काळात त्याची पकड उलट थोडी सैल होते. म्हणून थांबायचं असतं. जुना नियम खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने असा होता. आज पृष्ठभाग सुधारल्यामुळे निवडक रुग्णांत लवकर दात चढवतात, काहींत त्याच दिवशीसुद्धा. "निवडक" हा शब्द मात्र जाहिरातीत गळून पडतो.

एक फरक शेवटपर्यंत राहतो. आपला दात हाडात तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो, म्हणून भाकरीत खडा आला की लगेच कळतं. इम्प्लांट हाडाला थेट जोडलेला असतो, त्याला तशी जाणीव नाही आणि वाईट चावा सहन करण्याची लवचीकताही नाही.

इम्प्लांट किती वर्षं टिकतो? जाहिरातीत ९८ टक्के यश लिहिलेलं असतं.

दहा वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेले अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये एक आढावा निघाला. त्यात दहा वर्षांनी तोंडात उरलेल्या इम्प्लांटचं प्रमाण सुमारे ९६ टक्के होतं. आकडा खरोखर चांगला आहे. पण त्याचा अर्थ "तोंडात आहे" एवढाच. त्याच्याभोवती पू आहे का, हाड निम्मं गेलंय का, हे त्यात येत नाही.

ते पाहायला वेगळे अभ्यास आहेत. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या सरासरी ४३ टक्के लोकांत भोवतीची हिरडी सुजलेली आणि २२ टक्के लोकांत हाडही झिजलेलं आढळलं. पहिल्या अवस्थेला पेरि-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात आणि ती साफसफाईने आटोक्यात येते. दुसरी म्हणजे पेरि-इम्प्लांटायटिस, इम्प्लांटचा पायरियाच म्हणा ना. ती अवघड आहे. दाताच्या मुळावरचं कीटण खरवडता येतं, पण खडबडीत स्क्रूच्या आट्यांमधला थर पूर्ण काढण्याची खात्रीची पद्धत आजही कुणाकडे नाही. लेझर, पावडरचा झोत, टायटॅनियमचे ब्रश यांच्यावर जगभर अभ्यास सुरू आहेत ते यासाठीच.

म्हणून इम्प्लांट बसवताना "किती टिकेल" यासोबत "दर किती महिन्यांनी तपासणार, आणि तेव्हा प्रोबने मोजणार का" हेही विचारा.

मला शुगर आहे. हिरड्यांवर उपचार केले तर शुगर खरंच कमी होते का?

थोडी कमी होते, असं आज म्हणता येतं. पण इथवर यायला संशोधनाला बरीच वळणं घ्यावी लागली, आणि ती समजली तर बातमी कशी वाचायची तेही कळतं.

२०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ मधुमेही रुग्णांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्या जणांच्या हिरड्यांवर लगेच उपचार केले, अर्ध्यांवर नंतर. सहा महिन्यांनी एचबीएवनसीमध्ये, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या रक्ततपासणीत, दोन्ही गटांत फरक दिसला नाही. बातम्या आल्या की हिरड्यांचा शुगरशी संबंध नाही. टीका करणाऱ्यांनी आतले आकडे पाहिले तर उपचारानंतरही रुग्णांच्या दातांवर भरपूर थर शिल्लक होता. म्हणजे हिरड्याच धड बऱ्या झाल्या नव्हत्या. मग शुगर कशी हलणार?

२०१८ मध्ये लंडनमध्ये २६४ रुग्णांवर जास्त कसून उपचार झाले. वर्षभर पुन्हा पुन्हा साफसफाई, गरज असेल तिथे शस्त्रक्रिया. वर्षाअखेर उपचार झालेल्या गटाचं एचबीएवनसी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होतं. मग २०२२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्या, मिळून ३,२४९ लोक, एकत्र तपासले. तीन-चार महिन्यांनी सरासरी घट ०.४३. मधुमेहाची एखादी जास्तीची गोळी सुरू केल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. त्यामुळे तुमची गोळी मात्र सुटत नाही.

उलट दिशेनेही संबंध आहे. शुगर बेताल असेल तर पायरिया वेगाने वाढतो आणि जखमा उशिरा भरतात. इम्प्लांटच्या बहुतेक अभ्यासांत बेताल शुगर असलेल्यांना घेतच नाहीत, त्यामुळे त्या अभ्यासांतलं यश तुम्हाला जसंच्या तसं लागू होत नाही. आधी आकडा खाली आणा, मग इम्प्लांटचं बोलू.

सुनेला सातवा महिना आहे, हिरड्या सुजल्यात. आता दाखवावं की बाळंतपणानंतर?

आत्ताच दाखवा. २००६ मध्ये अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने अकाली बाळंतपण कमी झालं नाही, पण उपचार सुरक्षित ठरले आणि हिरड्या सुधारल्या. बाळाला त्रास होईल या भीतीने तिने दुखणं अंगावर काढायचं कारण नाही. इम्प्लांटसारख्या गोष्टी तेवढ्या नंतर.

आई हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध घेते. तिला इम्प्लांट चालेल?

औषधाचं नाव दंतवैद्यांना आधी सांगा. काही औषधांनी जबड्याचं हाड उघडं पडून मरतं, हे २००३ पासून वैद्यकात नोंदलं गेलंय. ऑस्टिओपोरोसिसच्या नेहमीच्या गोळ्यांत हा धोका फार कमी असतो, कॅन्सरसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसांत बराच जास्त. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही तेच.

गुटखा, सुपारी, सिगरेट... याने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निघून येण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतं. सिगरेट आणखी एक घात करते: हिरडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे आत हाड झिजत असूनही रक्त येत नाही. माणूस म्हणतो, माझ्या हिरड्या छान आहेत.

सुपारीचं दुखणं वेगळं. आपल्या इंदुरात जेवणानंतर गोड सुपारी, कामावर पाऊच, हे इतकं रुळलंय की कुणाला व्यसन वाटतच नाही. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तोंड दोन बोटांएवढंच उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचतच नाही. पंचविशीतली मुलं या अवस्थेत येतात तेव्हा फार वाईट वाटतं. त्यांच्याशी इम्प्लांटचं बोलण्याआधी आम्हाला कॅन्सरच्या तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढायचा की नाही, हे ठरवावं लागतं.

आमच्या रक्तातूनच काहीतरी काढून हिरडीत भरतात म्हणे. ते काय असतं?

त्याला पीआरएफ म्हणतात. हातातून थोडं रक्त घेतात, त्यात कसलंही औषध न घालता लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवतात. नळीच्या मधोमध पिवळसर, जेलीसारखी गाठ तयार होते. ती चिमट्याने उचलून, दाबून, हाडातल्या खड्ड्यात ठेवतात. पद्धत २००१ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. स्वस्त आहे आणि रक्त स्वतःचंच, त्यामुळे भारतातल्या डेंटल कॉलेजांत यावर भरपूर अभ्यास झाले आहेत. हाडात खोल, अरुंद खड्डे असतील तर नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा पीआरएफ घातल्यावर सरासरी जास्त भरण दिसतं. अडचण अशी की यांतले बरेच अभ्यास लहान आणि थोड्या महिन्यांचे आहेत.

असे अभ्यास बहुधा एकाच तोंडात करतात: डाव्या बाजूच्या खड्ड्यात पीआरएफ, उजव्या बाजूला नाही. कोणत्या बाजूला काय, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर किंवा संगणकाने ठरतं, डॉक्टरांच्या मर्जीवर नाही. आणि नंतर सळईने मोजणाऱ्याला कोणती बाजू कोणती ते माहीत नसावं लागतं. मोजणाऱ्याला माहीत असेल तर त्याचा हात नकळत हवं ते मोजतो.

निकाल वाचताना एक गोष्ट बघा. प्रोबच्या मोजमापातच एखाद्या मिलिमीटरची चूक सहज होते. अशा वेळी "अर्ध्या मिलिमीटरने सरस" हा निष्कर्ष गणिताने सिद्ध झाला तरी तुमच्या दाताला त्याचा कितपत उपयोग, हा प्रश्न उरतोच.

अँटिबायोटिकचा कोर्स घेतला की पायरिया जाईल का?

नाही. जंतू थरात एकमेकांना चिकटून राहतात, तिथे औषध नीट पोचत नाही. आधी थर हातानेच काढावा लागतो. काही तीव्र आजारात साफसफाईच्या जोडीला औषध दिल्याने थोडा जास्त फायदा दिसलाय, पण सरसकट देऊ नये. केमिस्टकडून स्वतः आणून तर घेऊच नये.

डेंटल कॉलेजात अभ्यासात सामील व्हा म्हणाले. आम्ही प्रयोगाचे उंदीर होणार का?

या शहरात हा प्रश्न विचारणं रास्त आहे. औषधांच्या चाचण्यांत रुग्णांना पुरतं न सांगता घेतलं गेलं, अशा तक्रारी इंदूरमध्ये झाल्या होत्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यानंतर देशभरचे नियम कडक झाले. इजा झाल्यास भरपाईची तरतूद २०१३ मध्ये आली. मार्च २०१९ मध्ये नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू झाले. इम्प्लांटसारख्या वस्तूंसाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. आज तुमच्या हातात जे अधिकार आहेत त्यांच्या मागे इंदूरच्या लोकांची लढाई आहे. ते वापरा.

एम. वाय. हॉस्पिटलजवळचं सरकारी डेंटल कॉलेज असो की शहराबाहेरची खासगी कॉलेजं, एमडीएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक प्रबंध करावा लागतो. बहुतेक वेळा तुमच्यासमोर येतो तो असाच अभ्यास. आधीपासून वापरात असलेल्या दोन पद्धतींपैकी कोणती सरस, एवढाच त्याचा प्रश्न असतो. तरीही तो आचारसंहिता समितीने, म्हणजे एथिक्स कमिटीने मंजूर केलेला असला पाहिजे. २०१९ च्या नियमांनुसार या समितीत किमान सात जण लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायद्याचा जाणकार हवाच. निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात.

सीटीआरआय नोंदणीचा क्रमांक विचारा. ही देशाची चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, २००७ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते, मागाहून होत नाही. क्रमांक मिळाला की संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं: किती लोक घेणार, काय मोजणार, किती महिने. आधी काय मोजणार हे लिहून ठेवलेलं असलं की नंतर सोयीचा आकडा पुढे करता येत नाही.

बाकी विचारायचं ते असं. अभ्यासात नाही आलो तर मला कोणता उपचार मिळेल? तो तितकाच चांगला असेल का? मध्येच सोडलं तर माझे पुढचे उपचार चालू राहतील का? काही बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा? आणि इम्प्लांटच्या अभ्यासात हा प्रश्न अगदी नक्की: विद्यार्थी पास होऊन गेला की माझ्या इम्प्लांटची काळजी कोण घेणार? याचं सरळ उत्तर न देणाऱ्या ठिकाणी सही करू नका.

माझं मत विचाराल तर, नीट चालवलेल्या अभ्यासात सामील होणं हे चांगलं काम आहे. तिथे मोजमाप काटेकोर होतं, पाठपुरावा होतो, आणि आपल्याकडच्या जबड्यांची, आपल्याकडच्या शुगरची, आपल्याकडच्या सुपारीची माहिती स्वीडनच्या अभ्यासांतून मिळणार नाही. ती इथल्याच माणसांनी द्यावी लागेल.

फॉर्म हिंदीत आणि इंग्रजीत आहे. मराठीत मागता येतो का?

हो. तुम्हाला समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक हिंदी फाडफाड वाचतात, पण "यादृच्छिक आवंटन" (म्हणजे कुणाला कोणता उपचार ते चिठ्ठीने ठरवणं) असलं काही आलं की सगळेच अडखळतात. तिथे बोट ठेवा आणि म्हणा, हे सोपं करून सांगा. फॉर्म घरी न्या, मुलाला, जावयाला दाखवा, दोन दिवसांनी सही करा. आमच्याकडे एक काकू प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलने स्वतःचे प्रश्न लिहून आल्या होत्या. त्या दिवशी विद्यार्थिनीला उत्तरं देता देता स्वतःच्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी नव्याने समजल्या. सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे.

अभ्यासात उपचार फुकट असतात का?

केवळ अभ्यासासाठी म्हणून जे केलं जातं, जास्तीचा एक्स-रे, जास्तीची रक्ततपासणी, त्याचे पैसे तुमच्याकडून घेऊ नयेत, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इम्प्लांटवरची कॅप कोणाच्या खर्चाने, हे मात्र आधी कागदावर घ्या. बरेच गैरसमज तिथेच होतात.

घरी रोज काय करायचं?

रात्रीचं घासणं चुकवू नका, सकाळचं एखाद्या दिवशी चुकलं तरी तेवढं बिघडत नाही. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून साडेअकराला येऊन तसंच झोपायचं, असं करू नका. पोह्यांवरची बारीक शेव आणि भुट्ट्याचा कीस फटींत हमखास अडकतात, त्यासाठी फटीत घालायचा छोटा ब्रश घ्या. तो तुमच्या फटीच्या मापाचा हवा, पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. काडीने किंवा सुईने कोरू नका. क्लोरहेक्सिडीनची गुळणी शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस ठीक, महिनोन्महिने केली तर दात तपकिरी पडतात आणि चव बदलते. मिश्रीने दात साफ होतात हा समज सोडा, ती तंबाखूच आहे.

इम्प्लांट झाल्यावर कोणते कागद जपून ठेवायचे?

इम्प्लांटच्या डबीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. ती तुमच्या फाइलमध्ये चिकटवून मागा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. बसवल्याच्या दिवशीचा आणि कॅप चढवल्यानंतरचा, असे दोन एक्स-रेही घ्या, कारण पुढे हाड किती झिजलं ते त्यांच्याशीच ताडून पाहायचं असतं. आपल्याकडची पुष्कळ ज्येष्ठ मंडळी पुढे मुलांकडे पुण्याला किंवा बंगळूरला जातात. तिथे कॅपचा स्क्रू सैल झाला तर तो घट्ट करायला त्याच कंपनीचा, त्याच मापाचा पाना लागतो, आणि चिकटपट्टी नसेल तर तिथल्या डॉक्टरांना नुसत्या एक्स-रेवरून कंपनी ओळखत बसावं लागतं.